सातबाऱ्यातील कंस

शासकीय दप्तराच्या संगणकीकरणाचे मूल्यमापन बहुधा संख्येने केले जाते. किती अभिलेख यंत्रात उतरले व किती उतारे घरबसल्या मिळाले, यावरून कार्यालय सक्षम ठरविण्यात येते. ही गणना निरर्थक नव्हे. परंतु आपलेच दप्तर अचूक वाचण्याची व त्यातील चूक ओळखण्याची शक्ती कार्यालयात किती आहे, हे तीवरून कळत नाही. महाराष्ट्रातील सातबारा उतारा या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे.

गाव नमुना सात हा हक्कांचा आणि गाव नमुना बारा हा पिकांचा अभिलेख होय. हस्तलिखित सातबाऱ्याच्या भाषेत वाक्ये जवळजवळ नाहीत. नावे, आकडे व खुणा आहेत. ‘ए. कु. मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. ही अक्षरे असतात तोवर ते नाव अनेकांच्या वतीने उभे असते. नकलेत ती गळाली तर तेच नाव एकट्याचे भासू लागते. कंसाचे वर्तन याहून विलक्षण आहे. ग्रंथात कंस मजकुरात भर घालतो. सातबाऱ्यात कंस झालेले नाव कमी झालेले असते. तलाठ्याला हा संकेत परंपरेने अवगत असे. नवख्या वाचकाला तो कळावा कसा?

हा प्रश्न केवळ लेखनपद्धतीचा नाही. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ अन्वये अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. अर्थात नकलेतील प्रमादालाही सत्याचे बळ लाभते.

संगणकीकृत उताऱ्यांची पडताळणी व्हावी म्हणून २०१७ साली गावोगाव चावडीवाचन झाले. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचे उतारे मिळू लागले. २०२० साली उताऱ्याचा नमुना बदलला व कंसातील नावावर आडवी रेघ आली. ही रेघ क्षुल्लक भासेल. पण तलाठ्याच्या मनात असलेले ज्ञान तिने कागदावर आणले. यंत्र वेगवान झाल्याने हे घडले नाही. वाचकाला काय दिसते, याचा कार्यालयाने विचार केला म्हणून घडले.

तथापि चावडीवाचन ऐकतो तो गावात असलेला. पोटासाठी मुंबईस गेलेला भाऊ किंवा सासरी नांदणारी बहीण तेथे नसते. पुढे चूक आढळल्यास कलम १५५ अन्वये दुरुस्तीचा मार्ग खुला आहे. परंतु व्यवहारात ती शोधण्याचे व सिद्ध करण्याचे ओझे बहुधा खातेदारावरच पडते.

म्हणून संगणकीकरणाची खरी कसोटी उताऱ्यांच्या संख्येत नाही. प्रमाद प्रथम कोणाच्या ध्यानात येतो, कार्यालयाच्या की ज्याची जमीन गेली त्याच्या, यातच ती आहे.