विक्रेत्याचे मत आणि दोन कादंबऱ्या

अंबाजोगाईच्या एका पुस्तकविक्रेत्याचे मत असे, की मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) नववी-दहावीच्या मुलांना खुशाल द्यावी. कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ मात्र मोठ्यांसाठीच ठेवावी. पहिले मत आम्हांस मान्य आहे. आणीबाणीच्या काळातील नववीतला मुकुंद आणि शिरोडकरवरचे त्याचे अबोल प्रेम यांत आईवडिलांनी दचकावे असे काही नाही. (चोरून वाचण्यापेक्षा घरात उघड वाचलेले बरे!)

दुसऱ्या मताशी मात्र आमचा मतभेद आहे. २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभलेल्या ‘रिंगाण’मध्ये धरणामुळे गाव उठते आणि मागे राहिलेली म्हैस आणण्यासाठी देवाप्पाला त्या ओस रानात परतावे लागते. भाषा कोल्हापूरकडची, गती संथ. आपल्याकडील वाचक आरंभी अडखळतो, हे विक्रेत्याचे म्हणणे खरे. परंतु आईवडील ऊसतोडीला निघाले, की बीड जिल्ह्यातील कितीतरी मुले आजीपाशी किंवा वसतिगृहात राहतात. काही तर त्यांच्याबरोबर फडावरच जातात. घर सुटणे म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावे लागत नाही. फरक एवढाच, की हंगाम संपला म्हणजे ती कुटुंबे माघारी येतात. देवाप्पाचे गाव मात्र कायमचेच सुटले. ही कादंबरी मुलांच्या हाती देताना पालकांनी नेमके याविषयी त्यांच्याशी बोलावे.