गालिचा उलटा करून बघा

दुसरा पावसाळा सरला आणि आमच्या गालिच्याखालून पीठ पडायला लागलं. पांढरट, बारीक, जात्याभोवती सांडतं तसं. आधी वाटलं, टाइल्सच्या सांध्यांतलं सिमेंट निघतंय. मग एका रविवारी कडा उचलली, तर मागचं कापड सुटलेलं आणि आत वाळलेल्या डिंकासारखा एक थर. बोट लावलं की चुरा. वर जुन्या रबराचा वास. दोन वर्षांपूर्वी वाकडच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो, तेव्हा हा ५ बाय ८ फुटांचा गालिचा एका मोठ्या दुकानातून २२,००० रुपयांना घेतला होता. टॅगवर लिहिलं होतं: हँडमेड, व्हिंटेज फिनिश, डिझायनर कलेक्शन.

आई तेव्हाच म्हणाली होती, "एवढे पैसे जमिनीवर अंथरायचे? घरात सतरंजी आहे की." मी ते हसण्यावारी नेलं.

चिडून दुकानाला मेल लिहायला बसले आणि लिहिता लिहिता लक्षात आलं, की टॅगवरचा एकही शब्द धडधडीत खोटा नाही. हात लागलेला होता, फिनिश जुनाट होतं, डिझाइन कुणीतरी केलेलंच होतं. मेल पाठवला नाही. पण तेव्हापासून मी गालिचे बघतेय, प्रदर्शनांत, शोरूममध्ये, म्युझियमच्या वेबसाइटवर झूम करून. आणि जिथे हात लावू देतात तिथे उलटे करून.

आधी हँडमेड. आमचा गालिचा होता टफ्टेड. चौकटीवर कापड ताणतात आणि पिस्तुलासारख्या यंत्राने मागच्या बाजूने त्यात लोकर ठोकत जातात. ते यंत्र हातात धरलेलं असतं, म्हणून हँडमेड. पण लोकर कशालाही बांधलेली नसते. ती सुटू नये म्हणून मागे लेटेक्सचा लेप देतात आणि तो लेप दिसू नये म्हणून त्यावर आणखी एक कापड चिकटवतात. काही वर्षांनी लेटेक्स वाळतं. मग पीठ.

हँड-नॉटेड म्हणजे खरोखर गाठींचा गालिचा. मागावर उभे दोरे ताणलेले, त्यातल्या दोन-दोन दोऱ्यांभोवती लोकर गुंडाळायची, कापायची, पुढची गाठ. एक ओळ झाली की आडवा दोरा घालून पंज्याने ठोकायची. तुर्की गाठीत लोकर दोन्ही दोऱ्यांना वेढा घालते, फारसी गाठीत एकाला पूर्ण वेढा आणि दुसऱ्याच्या नुसती मागून जाते. दुकानदार यावर तासभर बोलू शकतात. दिवाणखान्यात अंथरायला याने फारसा फरक पडत नाही.

फरक पडतो तो मागच्या बाजूने. खरा गाठींचा गालिचा उलटलात तर डिझाइन मागेही तितकंच स्वच्छ दिसतं, एकेक गाठ पिक्सेलसारखी, जराशी वाकडीतिकडी. झालर म्हणजे उभ्या दोऱ्यांचीच टोकं असतात. टफ्टेडची झालर साडीला फॉल लावावा तशी नंतर शिवलेली असते. ही परीक्षा करायला दहा सेकंद लागतात. मी ती दोन वर्षं उशिरा केली.

१९४९ साली सर्गेई रुडेन्को या पुरातत्त्वज्ञाला अल्ताई पर्वतातल्या पाझिरिक इथे बर्फात गोठलेल्या एका थडग्यात गालिचा सापडला. तो जवळपास २,४०० वर्षांपूर्वीचा आहे, सध्या सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिताज म्युझियममध्ये. त्यात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३६ गाठी आहेत, त्याही आज मारतात तीच तुर्की गाठ. आमच्या धंद्यात दोन वर्षं जुनी लायब्ररी चालेनाशी होते, म्हणून मला हे जरा जास्तच भिडलं असेल.

गाठी मोजता येतात, आणि मोजता येणारी गोष्ट दिसली की इंजिनिअरला राहवत नाही. ५ बाय ८ फूट म्हणजे ५,७६० चौरस इंच. इंचाला १०० गाठी, म्हणजे बारीकही नाही आणि भरडही नाही, असं धरलं तर ५,७६,००० गाठी. सराईत विणकर दिवसाला ६,००० गाठी मारतो असं समजा. ९६ दिवस. आता असा गालिचा २२,००० रुपयांना मिळाला आणि त्यातला प्रत्येक रुपया विणकराला दिला, लोकर फुकट, धुलाई फुकट, दुकानाचं भाडं शून्य, तरी रोज पडतो २२९ रुपये. आमच्या टॅगवर हँड-नॉटेड असं असतं आणि ते खरं असतं, तर मी जास्तच मोठ्या गैरव्यवहारात सामील झाले असते. फसवलं गेल्याचं इतकं समाधान मला आधी कधी वाटलं नव्हतं.

मात्र याच गणिताचा शोरूममध्ये मोबाइलच्या मेगापिक्सेलसारखा वापर होतो. जास्त गाठी, जास्त भारी. हे अर्धसत्य आहे. बारीक वेलबुट्टी काढायची तर दाट गाठी लागतातच, पण इराणमधल्या कश्काई भटक्यांचे गब्बे किंवा मोरोक्कोतल्या बेनी ओराइन जमातीचे गालिचे विरळ गाठींचे आणि लांब लवेचे असतात, आणि त्यांच्यातला एखादा तिरका रंगीत चौकोन जे करतो ते हजार गाठींच्या गुलाबाला जमत नाही. गाठींच्या संख्येवरून वेळ कळतो. नजर कळत नाही.

आता दुसरा शब्द, डिझायनर. इथे काश्मीरकडे बघायला हवं. तिथे नक्काश चित्र काढतो, पण पारंपरिक पद्धतीत विणकर ते चित्र समोर ठेवून विणत नाही. मधला एक जण त्याचं तालीममध्ये रूपांतर करतो. तालीम म्हणजे कागदाच्या लांब पट्ट्यांवर लिहिलेली सांकेतिक लिपी: प्रत्येक रंगाला एक खूण आणि त्या रंगाच्या सलग किती गाठी, त्याचा आकडा. पाच लाल, दोन पांढऱ्या, एक हिरवी. शालींच्या विणकामातून ही पद्धत गालिच्यांत आली. इमेज कॉम्प्रेशनच्या पहिल्या धड्यात आम्हाला रन-लेंग्थ एन्कोडिंग शिकवतात ते हेच. मागावर एक जण पट्टी मोठ्याने वाचतो आणि बाकीचे गाठी मारतात.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हरखून गेले. नंतर थोडी अस्वस्थ झाले. कारण ही व्यवस्था ओळखीची आहे. एक जण डिझाइन करतो, एक जण स्पेसिफिकेशन लिहितो, आणि तिसरा ओळीमागून ओळ काम संपवत राहतो. नाव पहिल्याचं.

हे आजचं नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये अर्दाबिलचा प्रसिद्ध गालिचा आहे. त्यावर हिजरी ९४६, म्हणजे १५३९-४० हे साल आणि काशानच्या मकसूदचं नाव विणलेलं आहे. हा मकसूद बहुधा काम करवून घेणारा होता. साडेदहा मीटर लांबीच्या त्या गालिच्यावर बोटं झिजवणारे किती होते, कोण होते, त्याची ओळ कुणी विणली नाही. डिझायनर कलेक्शन हा शब्द नवा आहे, हिशेब जुनाच.

आजच्यांपैकी मला सगळ्यात जास्त खिळवून ठेवतो अझरबैजानचा फैग अहमद. त्याच्या गालिच्यांत वरचा भाग अगदी आजीच्या घरातला, शिस्तीतला असतो, आणि खाली येता येता नक्षी वितळते, ओघळते किंवा व्हिडिओ अडकावा तशी चौकोनांत फुटते. इंटरनेटवर हे फोटो गंमत म्हणून फिरतात. पण गंमत तिथे संपते, जेव्हा आठवतं की हे सगळं हाताने गाठलेलं आहे. आमच्याकडे ग्लिच फुकट असतो, काहीतरी बिघडलं की आपोआप मिळतो. इथे बिघाडाला नीटनेटक्या फुलाइतकीच मेहनत लागते. त्याच्या सगळ्याच कामांबद्दल असं म्हणवत नाही. काही नुसतीच चमकदार आहेत, एकदा बघून संपणारी.

उलट दिशेचा प्रयोग म्हणजे जयपूर रग्जचा 'मनचाहा'. त्यात नक्शा दिला जात नाही, विणकर मागावर बसूनच, उरलेल्या लोकरीतून, स्वतःचं डिझाइन करतात. त्यांचे चांगले नमुने खरंच चांगले आहेत. सममिती मध्येच सोडून दिलेली, घरातल्या वस्तू नक्षीत घुसलेल्या, रंग पोटभर. माझी तक्रार छोटी आहे. विणकराची गोष्टही विक्रीचं साधन होते, आणि ग्राहक गालिच्याऐवजी गोष्टच विकत घेतो. तरी नाव नसण्यापेक्षा नाव असलेलं बरं.

राहिला व्हिंटेज. बाजारात साधारण शंभरी ओलांडली की अँटिक, त्याआधीचं व्हिंटेज. पण आता जुनेपणा हा एक इफेक्ट झालाय. नवा गालिचा रसायनांनी धुतात, लव जागोजागी तासतात, रंग उडवतात. तुर्कस्तानातले खरे जुने गालिचे घेऊन, त्यांचा मूळ रंग काढून, त्यांना एकाच भडक निळ्या-गुलाबी रंगात बुडवण्याचीही फॅशन आहे. ते दिसतात छान, मी नाकारत नाही. पण ही कॉलेजात आपण घालायचो त्या फाटक्या जीन्सची गोष्ट आहे. गुडघ्यावर न पडता गुडघा फाटलेला.

खरा जुनेपणा असा गोड नसतो. अर्दाबिलचा गालिचा १८९३ मध्ये विल्यम मॉरिसच्या शिफारशीवरून म्युझियमने २,००० पौंडांना घेतला. तो पूर्ण दिसतो, कारण त्याच्या जुळ्या गालिच्याचे तुकडे कापून त्याला ठिगळं लावली होती. तो कापलेला भाऊ, काठ हरवलेला, आज लॉस एंजेलिसच्या म्युझियममध्ये आहे. लंडनमधल्यावर रंग विटू नयेत म्हणून दर अर्ध्या तासाने दहा मिनिटंच पूर्ण दिवे लावतात.

आणि भारतीय अँटिकमधला एक मानाचा प्रकार म्हणजे जेल कार्पेट. विंडसर कॅसलच्या वॉटर्लू चेंबरमधला सुमारे दोन टनांचा गालिचा व्हिक्टोरिया राणीसाठी आग्र्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी विणला. आपल्या येरवड्याच्या तुरुंगातही इंग्रजांच्या काळात गालिचे विणले जात. त्या भिंतीवरून मी कितीदा कॅबने ऑफिसला गेलेय. आज असा गालिचा लिलावात आला की 'जेल' हा शब्द किंमत वाढवतो. नंतरच्या काळात मागावर मुलं आली, त्यांची नाजूक बोटंच बारीक गाठी मारू शकतात या थापेसह. खरं तर सर्वांत बारीक काम अनुभवी मोठ्यांचंच असतं. मूल स्वस्त पडतं, एवढंच. १९९४ मध्ये कैलाश सत्यार्थींनी बालमजुरीमुक्त गालिच्यांसाठी रगमार्क हे लेबल सुरू केलं, त्याचंच पुढे गुडवीव्ह झालं. व्हिंटेज घेताना मागे असं लेबल असण्याची शक्यता कमीच. वयाला आपण पावित्र्य देतो, ते असं तपासून घ्यायला हवं.

शेवटी आम्ही भदोहीचा घेतला. ४ बाय ६ फूट, इंचाला ८० गाठी, लेबलसकट, आधीच्यापेक्षा लहान आणि बरोबर दुप्पट किमतीला. २,७६,४८० गाठी, ४६ दिवस. भागाकार या वेळी लाज आणणारा आला नाही. त्यातले विणकराच्या हातात किती गेले, हे मात्र दुकानदाराने सांगितलं नाही. मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्याने चहा मागवला.

व्हिट्रिफाइड टाइल्सवर तो सरकायचा, म्हणून खाली आईची सतरंजी अंथरली आहे. कसर लागू नये म्हणून आई दर पंधरा दिवसांनी तो बाल्कनीत उलटा टाकते. एका कोपऱ्यात, हिरव्या पानाच्या मधोमध, एक निळी गाठ आहे. मागून लगेच दिसते. पुढून शोधावी लागते.