थोरल्याचे गाऱ्हाणे

भावाभावांमधील वैर हा पवित्र शास्त्राला अपरिचित विषय नाही. काईन व हाबेल, एसाव व याकोब, योसेफ व त्याचे भाऊ अशी उत्पत्तीच्या पुस्तकात त्याची परंपराच आहे, आणि संत लूकच्या शुभवर्तमानात ती उधळ्या पुत्राच्या थोरल्या भावापर्यंत येऊन पोहोचते. या परंपरेशेजारी एका विनोदी अमेरिकन बालकादंबरीला बसवणे कोणास औचित्यभंग वाटेल. परंतु जुडी ब्लूम यांची 'टेल्स ऑफ अ फोर्थ ग्रेड नथिंग' ही १९७२ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी त्या थोरल्या भावाचीच बाजू मांडते, असे आमचे मत आहे. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या आपल्या मुलांना ती सहज समजेल, आणि लेखिकेने स्वतः वाचलेले तिचे बोलके पुस्तकही उपलब्ध आहे. सहकुटुंब ऐकताना या कृतीचा अर्थ कसा पालटतो, याचा विचार आम्हांस येथे करावयाचा आहे.

शीर्षकाचे मराठी 'चौथीतला कुणीच नाही' असे करता येईल. हा 'कुणीच नाही' म्हणजे न्यूयॉर्कमधील नऊ वर्षांचा पीटर हॅचर. त्याचा धाकटा भाऊ फज प्रारंभी अडीच वर्षांचा आहे. फज जेवत नाही, टेबलाखाली बसून कुत्र्यासारखा खातो, आपण पक्षी आहोत अशा समजुतीने उंचावरून उडी टाकतो आणि समोरचे दोन दात गमावून बसतो. घराचा सारा दिनक्रम त्याच्याभोवती फिरतो. दंतवैद्यापुढे फजने तोंड उघडावे म्हणून आधी पीटरने उघडायचे, आणि जाहिरातीच्या चित्रीकरणात त्याने सायकलवर बसावे म्हणून पीटरलाच युक्तीने पुढे करायचे. थोरल्याचा शहाणपणा घराला सतत उपयोगी पडतो, मात्र त्याची दखल कोणी घेत नाही. कादंबरीतील विनोदाचे मूळ या विषमतेत आहे.

एकट्याने वाचणाऱ्या मुलाला पीटर हा गुपित सांगणारा मित्र वाटतो. तेच निवेदन घरातील सर्वांसमोर मोठ्याने होऊ लागले की त्याचे स्वरूप गाऱ्हाण्याचे होते, कारण ज्यांच्याविषयी तक्रार आहे तेही श्रोत्यांत बसलेले असतात. धाकटा फजच्या खोड्यांना हसतो, आईवडील स्वतःच्या धांदलीची ओळख पटून हसतात, आणि थोरला जरा उशिरा हसतो. आजवर जे बोलण्याचे धाडस त्याला झाले नव्हते, ते दुसऱ्याच कोणाच्या तोंडून आईच्या कानी पडत असते. हसण्याच्या ओघात ते ऐकले जाते, म्हणून कोणी ते उद्धटपणा म्हणून उडवून लावत नाही.

येथे वाचनाच्या आवाजाचाही विचार केला पाहिजे. नऊ वर्षांच्या मुलाचे 'मी' एका प्रौढ स्त्रीच्या आवाजात ऐकणे प्रथम विजोड वाटू शकते. परंतु फजची कल्पना ब्लूम यांना आपल्या धाकट्या मुलावरून सुचली होती. म्हणजे घरी फज असलेल्या आईने कथा सांगण्याचा अधिकार मात्र दुसऱ्या मुलाला दिला, आणि आता ती आपल्याच आवाजात त्याची तक्रार वाचते. मुलाचे दुःख आईच्या मुखातून उच्चारले जाते, ही या ध्वनिरूपाची खरी मिळकत होय.

आपल्याकडे 'श्यामची आई'ही मुळात सांगितलेली कथा आहे; श्याम आश्रमातील मित्रांना रात्रीमागून रात्र ती ऐकवतो. तेथे बंधुप्रेमाची शिकवण आईकडून मुलाला मिळते. ब्लूम यांच्या कथेत शिकण्याची पाळी आईवरही येते. फजच्या उडीचा दोष ती रागाच्या भरात पीटरला देते आणि मागाहून स्वतः येऊन त्याची क्षमा मागते. मराठी बालकथेत असा प्रसंग आम्हांस क्वचितच आढळला आहे.

अखेरच्या प्रकरणात पीटरचे ड्रिबल नावाचे लहानसे कासव फज जिवंत गिळतो. रुग्णवाहिका येते, रुग्णालयात धावपळ होते, आणि शस्त्रक्रियेवाचून औषधांनीच संकट टळते. सर्वत्र आनंद होतो व फजवर भेटवस्तूंचा वर्षाव होतो. कासव मेले, हे पीटरखेरीज कोणाच्याही ध्यानात नसते. येथवर फजला हसत आलेला श्रोता या ठिकाणी दचकतो, कारण त्या घराबरोबर तोही पीटरला विसरलेला असतो. पुस्तकाची पाने पुढे उलटून ही अवघड जागा टाळता येते. सर्वांबरोबर ऐकताना मात्र सर्वांनाच तेथे थांबावे लागते.

शुभवर्तमानातील थोरला भाऊही शेतातून परतताना घरातील आनंदोत्सव बाहेरूनच ऐकतो. मित्रांसाठी आपल्याला साधे करडूही मिळाले नाही, ही त्याची तक्रार. आमच्या प्रवचनांतून या भावाची संभावना बहुधा कोत्या मनाचा म्हणून होते. परंतु पिता त्याला झिडकारत नाही. धाकट्यासाठी तो धावत गेला तसाच थोरल्यासाठीही अंगणात येतो. पीटरचे वडीलही शेवटी त्याच्या सोसण्याचे कौतुक करतात आणि त्याला कुत्र्याचे पिल्लू देतात, फजला गिळता येणार नाही एवढे मोठे होणारे. पीटर त्याचे नाव 'कासव' ठेवतो. क्षमा म्हणजे विस्मरण नव्हे, हे एवढ्या हलक्या हाताने सांगितलेले आम्ही अन्यत्र फारसे पाहिलेले नाही.

कृतीत उणिवा आहेत. प्रकरणे सुट्या गोष्टींसारखी आहेत. त्यांतील काही गाळली तरी कथा अडत नाही. मुलांचा जवळजवळ सर्व भार आई वाहते आणि वडील अधूनमधून अवतरतात, या व्यवस्थेला लेखिका हसते, पण तिला प्रश्न विचारत नाही. फजचे अंतरंगही आपल्याला कधी दिसत नाही. धाकट्याचीही काही बाजू असेल, हे श्रोत्यांनाच आठवावे लागते.

तरीही ज्या घरी दोन किंवा अधिक मुले आहेत तेथे हे पुस्तक एकत्र बसून ऐकावे, अशी आमची शिफारस आहे. ऐकून झाल्यावर आईवडिलांनी तात्पर्य सांगण्याची घाई करू नये. प्रभूच्या दाखल्यातील थोरला अखेर आत गेला की नाही, हे संत लूक सांगत नाही. आपल्या घरातील थोरला आत येण्यापूर्वी काही बोलू लागलाच, तर त्याचे बोलणे पुरते ऐकून घ्यावे.