फोर-स्ट्रोक एंजिनांच्या विश्वसनीयतेची तुलना

एंजिन किती वेळा बंद पडले, एवढ्याच गणनेवरून त्याची विश्वसनीयता ठरविण्याची पद्धत रूढ आहे. ती अपुरी आहे. पिंपळनेरच्या परिसरात पांझरेकाठच्या विहिरींवर चालणारे डिझेल एंजिन आणि कोकणातील होडीच्या मागे टांगलेले पेट्रोलचे आउटबोर्ड यंत्र, ही दोन्ही फोर-स्ट्रोक असू शकतात. परंतु पहिले मिनिटास सुमारे १५०० फेऱ्यांच्या स्थिर गतीने, जवळजवळ एकाच भाराखाली चालते. दुसरे ५००० फेऱ्यांच्याही वर जाते, लाटेवर पंखा उघडा पडताच एकाएकी भारमुक्त होते, आणि थंड राहण्यासाठी खारे पाणीच ओढून घेते. चालू तासांचा व भाराचा हिशेब न देता दोहोंचे बिघाड शेजारी मांडणे म्हणजे बैलाची व तट्टाची परीक्षा एकाच मोटेवर घेणे होय.

टू-स्ट्रोकशी होणारी तुलनाही एकांगी असते. फोर-स्ट्रोकमध्ये वंगणतेल वेगळे राहते. मिश्रणातील चूक टळते, इंधनही कमी लागते. मात्र झडपा व त्यांना हालविणारे भाग वाढतात.

खरा प्रश्न बिघाडानंतरचा आहे. पाण्याची पाळी एक दिवस लांबली तरी मळेकरी सावरतो. भर वाऱ्यात होडीला तेवढी सवड नसते, म्हणून वल्ही सोबत ठेवावी लागतात. पांझरेवरील फड पद्धतीच्या बंधाऱ्याचे पाणी तर निव्वळ उताराने वाहते. तेथे एंजिनाचे काम नाही. तरीही नदी आटली की पाट कोरडा पडतो, आणि मग विहिरीवरचे एंजिनच कामी येते. अर्थात विहिरीस पाणी व गावात मिस्त्री असेल तोवर.