बसलेला अकिलीस, बसलेला अर्जुन: ‘स्थिर विशेषण’ ही संज्ञा सिनॉप्सिसमध्ये लिहिण्याआधी

मित्रांनो, पेट पास झालात, आता सिनॉप्सिस लिहायला बसाल. आधी माझी एक चूक ऐका.

माझ्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं: ‘वाघ्या-मुरळीच्या गीतांत होमरसारखी स्थिर विशेषणे आढळतात.’ एका बैठकीत मला एकच प्रश्न आला, “होमरसारखी म्हणजे कशी?” मी म्हणालो, “पुन्हा पुन्हा येतात.” त्यावर उत्तर आलं, “पुन्हा पुन्हा तर आरतीत पण येतात.” मसुदा परत आला, आणि तो परत यायलाच पाहिजे होता.

होमरच्या ‘इलियड’मध्ये अकिलीस ‘वेगवान पायांचा’ आहे. पहिल्याच सर्गात तो रागावून जहाजांजवळ बसून राहतो, लढाईला जात नाही. तिथेही कवी त्याला ‘वेगवान पायांचा’च म्हणतो. बसलेल्या माणसाच्या पायांचा वेग कशाला सांगायचा? बरेच जण याला अलंकार म्हणून मोकळे होतात.

मिलमन पॅरी या अमेरिकन अभ्यासकाने 1928 मध्ये पॅरिसला सादर केलेल्या प्रबंधात वेगळं उत्तर दिलं. ओळीत नावाआधी थोडी जागा उरली तर ‘दिव्य’ अकिलीस, जास्त उरली तर ‘वेगवान पायांचा’ अकिलीस. म्हणजे विशेषण प्रसंगाने ठरत नाही, वृत्तातल्या जागेने ठरतं. आणि एका पात्रासाठी, एका मापाच्या जागेला बहुधा एकच विशेषण असतं. या काटकसरीवरून पॅरीने म्हटलं की ही भाषा एका कवीची नाही, परंपरेने घडवलेली आहे. म्हणजे ‘होमरसारखी’ म्हणायचं तर जागा दाखवावी लागते. नुसती पुनरावृत्ती मोजून भागत नाही.

आता हीच कसोटी आपल्या घरातल्या पुस्तकाला लावू. गीता काढा. अनुष्टुभाचा नियम शाळेत पाठ केलेला आहे: आठ अक्षरांचा चरण, पाचवं लघु, सहावं गुरू, सातवं सम चरणात लघु आणि विषम चरणात गुरू. ‘महाबाहो’ मोजा: लघु, गुरू, गुरू, गुरू. हा शब्द विषम चरणाच्या शेवटी अचूक बसतो, आणि गीतेच्या अनुष्टुभांत तो तिथेच भेटतो. ‘परंतप’ मोजा: लघु, गुरू, लघु, लघु. हा सम चरणाच्या शेवटचा. चौथा, सातवा, नववा अध्याय उघडून बघा. चौथ्यात योगाची परंपरा सांगताना अर्जुनाला ‘परंतप’ म्हटलंय. तिथे शत्रूचा काही संबंध नाही. इथवर पॅरी बरोबर.

पण दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या श्लोकात या. अर्जुन रथात बसलाय, अकिलीससारखाच. कृष्ण त्याला ऊठ म्हणतो आणि हाक मारतो ‘परंतप’, म्हणजे शत्रूला ताप देणारा. इथे तो शब्द टोचतो. जागेसाठी आला असं म्हणून सुटका नाही, कारण ‘धनंजय’ हा शब्दही लघु-गुरू-लघु-लघु आहे आणि गीतेत अर्जुनाला हाक मारताना त्याच जागी येतो. दोन शब्द, एक माप. काटकसर इथे मोडते. कवीला निवड होती, म्हणून त्या निवडीच्या अर्थावर बोलायचा आपल्याला हक्क मिळतो. हा हक्क मात्रा मोजल्यावर मिळाला, आधी नाही. हे लक्षात ठेवा.

आणि ज्ञानेश्वरी? शके 1212 मध्ये नेवाशाला सांगितलेल्या या ग्रंथात किरीटी, धनुर्धरा, पांडवा अशा हाका सारख्या येतात. पण ओवीत लघु-गुरूचं बंधन नाही, अक्षरसंख्याही सैल. मग जागा कोणती? माझा अंदाज, यमकाची. पहिल्या तीन चरणांचं यमक जुळवताना ‘-रा’ हवा तिथे धनुर्धरा, ‘-टी’ हवी तिथे किरीटी. हा अजून अंदाजच आहे, निष्कर्ष नाही. एक अध्याय घ्या, प्रत्येक हाक कोणत्या चरणात आहे, यमकात आहे का, याचा तक्ता करा. ज्या हाका यमकाबाहेर राहतील त्याच खऱ्या कामाच्या, कारण त्यांचं कारण दुसरीकडे शोधावं लागेल.

वाघ्यांच्या गीतांचं काम याहून अवघड आहे. तिथे छापील पाठावर भागणार नाही. पॅरीने 1933 ते 1935 मध्ये युगोस्लाव्हियात जाऊन गायकांची गाणी ध्वनिमुद्रित केली. त्याचा सहकारी अल्बर्ट लॉर्ड याचं ‘द सिंगर ऑफ टेल्स’ 1960 मध्ये आलं, ते वाचाच. आपल्याला इतकं लांब जायला नको. लोहा तालुक्यात माळेगावची यात्रा भरते. एकाच वाघ्याकडून एकच कथा दोन वेगळ्या दिवशी, परवानगी घेऊन, रेकॉर्ड करा. ‘म्हाळसाकांत’ दोन्ही वेळा त्याच जागी आला का, की दुसऱ्या दिवशी तिथे ‘मल्हारी’ आला? आला असेल तर ताल सांभाळायला की अर्थासाठी?

माझ्या नव्या मसुद्यात ‘होमरसारखी’ हा शब्द काढून टाकलाय. त्याच्या जागी हे प्रश्न टाकलेत. तुमच्या मसुद्यात असा उसना शब्द कुठे बसलाय, ते गाईडने विचारायच्या आधी तुम्हीच शोधा.