पुंसवन, एपिजेनेटिक्स आणि उशिरा पोहोचलेला वडाचा कोंब

"पुंसवन म्हणजे प्राचीन एपिजेनेटिक्स!" गर्भसंस्कारांच्या व्याख्यानांत हा दावा सर्रास केला जातो. संशोधनाकडे वळणार असाल तर त्यावर नुसतं हसू नका, मानही डोलवू नका. तपासा.

आधी मूळ ग्रंथ उघडा. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात हा विधी आहे: गर्भाचं लिंग व्यक्त होण्याआधी, पुष्य नक्षत्रावर, गोठ्यातल्या वडाचे कोंब उडीद किंवा पांढऱ्या मोहरीसह दह्यात घालून गर्भिणीने प्यायचे.

समर्थक बोट ठेवतात ते 'व्यक्त होण्याआधी' यावर. गर्भाच्या जननग्रंथी सुमारे सहाव्या आठवड्यापर्यंत सारख्याच दिसतात, हे खरंच आहे. पण दिसणं वेगळं, ठरणं वेगळं. लिंगाचा गुणसूत्रांशी असलेला संबंध नेटी स्टीव्हन्स यांनी १९०५ मध्ये किड्यांवर दाखवला. वाय गुणसूत्रावरचं एसआरवाय जनुक १९९० मध्ये सापडलं. ते सहाव्या-सातव्या आठवड्यात कामाला लागतं, पण शुक्राणूने ते आणलंय की नाही हे फलनाच्या क्षणीच ठरून गेलेलं असतं. वडाचा कोंब पोहोचतो तो त्यानंतर.

मग एपिजेनेटिक्सचं काय? १९४४-४५ च्या डच दुष्काळात गर्भावस्थेच्या सुरुवातीला उपासमार झालेल्यांच्या आयजीएफ-२ जनुकावर, सहा दशकांनंतरही मिथाइल खुणा कमी आढळल्या. यातून आईच्या आहाराचं महत्त्व कळतं. नसलेलं वाय गुणसूत्र आहाराने येतं, असं मात्र निघत नाही.

"पण गुण येतो ना!" येणारच की. काहीही न देता शंभरातली साधारण ५१ बाळं मुलगेच असतात. मुलगा झाला तर औषधाचं श्रेय, मुलगी झाली तर "विधीत काहीतरी चुकलं". तुलनागट नसेल तर कुठलंही औषध असंच यशस्वी ठरतं.

हा वाद नुसता पुस्तकी नाही. २००३ च्या दुरुस्तीपासून गर्भधारणेआधीच्या लिंगनिवडीलाही कायद्याने बंदी आहे. तरी मुलगी झाली की बोल लागतो तो बाईलाच, जिच्याकडे द्यायला वाय नसतंच.

चरकांना मोडीत काढा, असं मी म्हणत नाही. त्याच अध्यायात गर्भिणीचा महिन्यागणिक आहार दिला आहे. विषय शोधत असाल तर तिथे बघा, आणि आराखड्यात आधी चार गोष्टी लिहा: कुणाला दिलं, किती दिलं, कशाशी तुलना केली, काय मोजलं. ही चार उत्तरं नसतील तर तुमच्या हातात अजून फक्त श्रद्धा आहे, संशोधन नाही.