वाचकांच्या पत्रांतील संपादकीय पक्षपात : देवनारच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

वृत्तपत्रातील वाचकांच्या पत्रांचे सदर संपादकाच्या अखत्यारीत असते, तरी वाचकाला ते स्वतःचे वाटते. मुंबईत अशी पत्रे नियमाने लिहिणारा माणूस स्वतःला 'वृत्तपत्रलेखक' म्हणवतो. अशा लेखकांचा दादरला संघही आहे. या आपलेपणामुळेच पत्र न छापले गेल्याची खंत खोलवर जाते आणि 'संपादक पक्षपाती आहे' हा आरोप याच सदराबाबत वारंवार केला जातो. प्रस्तुत लेखात या आरोपाची चिकित्सा देवनारच्या कचराभूमीच्या प्रश्नाच्या आधारे केली आहे. पक्षपात केवळ संपादकाच्या मतांत शोधणे अपुरे आहे. पत्र सदरापर्यंत पोहोचण्याच्या अटींतच तो अधिक असतो आणि 'दोन्ही बाजूंना समान स्थान' या प्रचलित उपायाने तो दूर होत नाही, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

आरोपाचे स्वरूप

आरोप करणाऱ्या वाचकाजवळ पुरावा म्हणून छापलेली पत्रेच असतात. एखाद्या महिन्यात एका मताची दहा पत्रे व विरुद्ध मताची दोन पत्रे आली, तर तो त्यास पक्षपात म्हणतो. परंतु कार्यालयात मुळात किती व कोणती पत्रे आली, हे त्याला ठाऊक नसते. आलेल्या शंभर पत्रांपैकी नव्वद एकाच मताची असतील, तर दहास दोन हे प्रमाण उलट अल्पमताला झुकते माप देणारे ठरेल. निकाल देण्यासाठी लागणारा आकडा ज्याच्यावर आरोप आहे त्याच्याच टेबलावर असतो, ही या वादातील मूळ अडचण होय.

संपादकीय निवडीचा शास्त्रीय अभ्यास अमेरिकेत डेव्हिड मॅनिंग व्हाइट यांच्या १९५० मधील निबंधापासून रूढ झाला. तारेने येणाऱ्या बातम्यांतून निवड करणाऱ्या एका संपादकाला त्यांनी 'द्वारपाल' मानले आणि त्याच्या नकारांमागे वैयक्तिक धारणांचा वाटा मोठा असल्याचे दाखविले. वाचकांच्या पत्रांबाबत कारिन वाल-योर्गेनसेन यांनी २००२ मध्ये निवडीचे चार नियम मांडले : प्रस्तुतता, रंजकता, संक्षेप आणि अधिकार. यांपैकी एकही नियम राजकीय नाही. तरीही थोडक्यात, ठसकेबाज आणि अधिकारवाणीने लिहिणे ज्याला शाळेने व व्यवसायाने शिकविले, त्याचे पत्र निवडले जाण्याची शक्यता अधिक राहते. प्रामाणिक संपादकाच्या हातूनही अन्याय घडू शकतो, तो असा.

मराठी परंपरेची साक्ष

मराठी वृत्तपत्रसृष्टीत पत्रांना आरंभापासून मान होता. भाऊ महाजन यांनी १८४१ मध्ये सुरू केलेल्या 'प्रभाकर'मधून १८४८ पासून गोपाळ हरी देशमुख यांची पत्रे 'लोकहितवादी' या टोपणनावाने प्रसिद्ध झाली. संपादकाने दार उघडे ठेवले म्हणून मराठी समाजाला एक कठोर आत्मपरीक्षक लाभला. लेखक सरकारी नोकरीत होते आणि टोपणनावाचा आडोसा त्यांना उपलब्ध होता. १८८५ मध्ये रखमाबाईंनी बालविवाहाविरुद्ध 'टाइम्स ऑफ इंडिया'त लिहिलेली पत्रेही 'एक हिंदू स्त्री' या नावाखाली आली. 'नाव व पूर्ण पत्ता असल्याशिवाय पत्र छापले जाणार नाही' हा पुढे रूढ झालेला नियम खोटेपणास आळा घालतो, हे खरे. पण तोच नियम ज्याला नाव उघड करण्याची भीती आहे त्याला गप्प बसवितो, हेही तितकेच खरे.

दार बंद राहिले तर काय होते, याचे उदाहरणही याच परंपरेत सापडते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले. त्याची जाहिरात पैसे देऊनही छापण्यास 'केसरी'ने नकार दिला होता. ज्याला दुसऱ्याच्या पत्रात जागा नाही त्याने स्वतःचे पत्र काढावे, हा त्यावरचा मार्ग होता. मात्र तो मार्ग असामान्य माणसाचा होता. सामान्य वाचकाजवळ पोस्टकार्डाखेरीज दुसरे साधन नव्हते.

देवनार : दोनांहून अधिक बाजू

देवनारची कचराभूमी १९२७ पासून वापरात आहे आणि तिचा विस्तार सुमारे १३२ हेक्टर आहे. त्याच परिसरात १९५४ पासून टाटा समाजविज्ञान संस्था आहे आणि १९७१ पासून महापालिकेचा पशुवधगृह आहे. एका बाजूस चेंबूर-देवनारच्या गृहनिर्माण संस्था, तर दुसऱ्या बाजूस शिवाजीनगर, बैंगनवाडी, रफीनगर या वस्त्या आहेत. हा भाग ज्यात येतो तो एम पूर्व विभाग २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात शहराच्या सर्व विभागांत तळाला होता. जानेवारी २०१६ च्या अखेरीस येथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला. परिसरातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्यानंतर कचरावेचकांच्या प्रवेशावर कडक निर्बंध आले.

अशा प्रसंगी वृत्तपत्राकडे कोणती पत्रे येऊ शकतात, याचा विचार करणे उद्बोधक ठरते. दम्याने त्रस्त असलेला चेंबूरचा निवृत्त रहिवासी कचराभूमी बंद करण्याची मागणी करील. महापालिकेचा अधिकारी पर्यायी जागेच्या अभावाकडे बोट दाखवील. मुलुंड वा कांजूरमार्ग येथील वाचक 'आमच्याकडे कचरा नको' असे लिहील. या तिन्ही पत्रांत तथ्य आहे आणि ती छापणे योग्यच आहे. परंतु त्याच धुरात राहणारी, प्लॅस्टिक व धातू वेचून घर चालविणारी स्त्री काय म्हणेल? तिला धूर नको आहे आणि प्रवेशबंदीही नको आहे. 'कचराभूमी बंद करा' व 'कचराभूमी चालू ठेवा' या दोन रकान्यांत तिचे म्हणणे बसत नाही. शिवाय वस्तीच्या अधिकृततेविषयी वाद असल्यास पूर्ण पत्ता लिहिणे हेच तिला जोखमीचे असते. मराठवाड्याच्या दुष्काळी भागातून आलेल्या कुटुंबांना मराठी अवगत असली, तरी उत्तर भारतातून आलेल्या शेजाऱ्यांना मराठी दैनिकाला पत्र लिहिणे तितके सोपे नाही.

अशा स्थितीत संपादकाने 'बाजूने' व 'विरोधात' अशी समसमान पत्रे छापली, तरी चित्र एकांगीच राहील. त्याच्याकडे न आलेले पत्र त्याने दाबले, असे कोणी म्हणणार नाही. पण न आलेल्या पत्राची उणीव त्याला जाणवली नाही, असे मात्र म्हणता येईल. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य सरकारने धारावी पुनर्विकासासाठी देवनारच्या या जमिनीपैकी सुमारे १२४ एकर क्षेत्र देण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे धारावीतून येथे आणल्या जाणाऱ्या कुटुंबांची आणखी एक बाजू या प्रश्नास जोडली गेली आहे. ही बाजू कोणाच्या लेखणीतून मांडली जाते, हे पुढील काळात पाहण्यासारखे ठरेल.

कायदा आणि संकेत

खाजगी वृत्तपत्राने अमुक पत्र छापावे, अशी सक्ती कायदा करीत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये 'मायामी हेराल्ड' प्रकरणात उत्तर छापण्याची सक्ती करणारा फ्लोरिडा राज्याचा कायदा रद्द केला. भारतात १९९२ मध्ये आयुर्विमा महामंडळाविरुद्ध मनुभाई शहा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने महामंडळाच्या मासिकाने प्रत्युत्तर नाकारणे अयोग्य ठरविले. मात्र त्याचा आधार ती संस्था शासनाचा भाग असून तिचे मासिक सार्वजनिक पैशातून निघते, हा होता. छापलेल्या मजकुराची कायदेशीर जबाबदारी संपादकावर येते, हेही विसरता येत नाही. र. धों. कर्वे यांच्यावर १९३४ मध्ये 'समाजस्वास्थ्य'मध्ये वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून खटला झाला. डॉ. आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडूनही शिक्षा टळली नाही. निवडीचा अधिकार संपादकाकडे असणे म्हणून समर्थनीय आहे.

भारतीय वृत्तपत्र परिषदेचे संकेतही हा अधिकार मान्य करतात. आलेली सर्व पत्रे छापण्याचे बंधन नाही, मात्र वादग्रस्त विषयावर प्रसिद्धी एकतर्फी होऊ नये व अनुकूल-प्रतिकूल मतांचा समतोल राहावा, असा त्यांचा आशय आहे. संकेत स्तुत्य आहे, परंतु त्याची मांडणी दोन पक्षांच्या वादासारखी आहे. देवनारसारख्या प्रश्नात ती तोकडी पडते.

निष्कर्ष

पक्षपाताच्या आरोपावर संपादकाचे 'जागा मर्यादित असते' हे उत्तर खरे असले तरी पुरेसे नाही. प्रकाशनाची सक्ती न करताही काही गोष्टी करता येण्यासारख्या आहेत. ठरावीक मुदतीने आलेल्या व छापलेल्या पत्रांची विषयवार संख्या प्रसिद्ध करावी. त्यामुळे आरोपाची शहानिशा करण्याचे साधन वाचकाच्या हाती येईल. पत्र संक्षिप्त केले असल्यास तसे नमूद करावे. पत्ता कार्यालयापुरता गुप्त ठेवण्याची सोय द्यावी. कचरावेचक स्त्रियांमध्ये काम करणाऱ्या स्त्रीमुक्ती संघटनेसारख्या संस्थांमार्फत तोंडी सांगितलेली पत्रे सांगणाऱ्याच्या नावाने स्वीकारावीत आणि अन्य भाषांतील पत्रांचा अनुवाद करून घ्यावा.

या उपायांनी संपादकाची मते बदलणार नाहीत आणि ती बदलावीत अशी अपेक्षाही नाही. त्याला स्वतःचे मत मांडण्यास अग्रलेख आहे. वाचकांच्या सदरात मात्र त्याने एक प्रश्न सतत स्वतःला विचारावा : या विषयावर ज्याला सर्वांत जास्त सोसावे लागते, त्याचे पत्र आपल्याकडे आले आहे काय? ते आले नसेल, तर आलेल्या पत्रांची निवड कितीही निःपक्षपातीपणे झाली तरी सदर अपुरेच राहील.